औषध घेतले असल्यास एक दाबा

सासूबाईंच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, एवढंच काम होतं. हे वाक्य वाचकांनी नीट लक्षात ठेवावं. कारण पुढे पाणीपुरवठा खात्याचा फिटर भला मोठा पाना घेऊन घरात शिरला, इमारतीतल्या दोन घरांनी एकमेकांकडे बघणं सोडलं आणि एका जबाबदार अधिकाऱ्याची भर बैठकीत शोभा झाली, ते सगळं या एवढ्याशा कामातून झालं. थेंब घालायला एक बाटली लागते आणि एक हात लागतो. आमच्या साहेबांनी त्यासाठी यंत्रणा उभी केली.

साहेब म्हणजे पाणीपुरवठा खात्यातल्या तक्रार विभागाचे प्रमुख. नळाला पाणी नाही म्हणून तणतणत आलेला माणूस साहेबांच्या टेबलावरून परत जाताना हातात तक्रारीचा नंबर घेऊन जायचा, आणि घरी जाऊन कोरडा नळ बघेपर्यंत आपलं काम झालं असं त्याला मनापासून वाटायचं. सांगितलं की निम्मं काम होतं आणि नोंदवलं की उरलेलं निम्मं, असा साहेबांचा सिद्धांत होता. खात्यात तो चालत आला होता. घरात तो चालत नाही हे त्यांना लग्नानंतर लगेच कळायला हवं होतं, पण काही माणसांना उशिरा कळतं.

तर सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं आणि नेमका त्याच संध्याकाळी साहेबांच्या बायकोला बँकेच्या तपासणीसाठी बाहेरगावी जायचा हुकूम आला. बॅग भरता भरता तिने तीन बाटल्या टेबलावर मांडल्या. एक लाल टोपणाची, एक निळ्या, एक पांढऱ्या.

"अहो, इकडे बघा. एक बाटली झाली की पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरी. थेंब चुकता कामा नयेत. डॉक्टर म्हणालेत, हयगय झाली तर डोळ्याला सूज येईल आणि केलेलं सगळं पाण्यात जाईल. आईचा दुसरा डोळा नावालाच आहे, हे विसरू नका."

"मी आहे ना," साहेब म्हणाले.

"म्हणून तर दोनदा सांगतेय."

बायको गेली आणि साहेब टेबलापाशी विचार करत उभे राहिले. सासूबाई त्यांच्या गावी एकट्या राहायच्या आणि शिवणाचा क्लास चालवायच्या. डोळा अधू झाला तसा क्लास बंद पडला होता. हा डोळा सुधारला तर त्या परत जाऊन क्लास उघडणार होत्या. आणि नाही सुधारला तर? तर त्यांना एकटं राहता येणार नव्हतं. म्हणजे त्या कायमच्या इकडे. साहेबांनी तिन्ही बाटल्या पुन्हा एकदा मोजल्या. आतल्या खोलीत सासूबाईही अगदी तोच विचार करत होत्या, पण ते साहेबांना माहीत नव्हतं.

गैरसमज नको. सासू-जावयाचं भांडण मुळीच नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, भांडणारी माणसं निदान एकमेकांच्या जवळ तरी येतात. यांच्यात आदर होता. साहेब खोलीत आले की सासूबाई उठून उभ्या राहायच्या, त्या उठल्या की साहेब संकोचून बाहेर जायचे. त्यामुळे सासूबाई मुक्कामाला असल्या की बाहेरची खोली बहुधा रिकामी असायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांचं सगळं संभाषण एका पोस्टकार्डावर मावलं असतं. 'या', 'बसा', 'प्रवास बरा झाला ना', आणि सासूबाईंचं एक 'बरं'. आता अशा बाईंच्या पापणीला बोट लावायचं, पापणी खाली ओढायची आणि आत थेंब सोडायचा! साहेबांनी नुसती कल्पना केली आणि ते टेबलापासून दोन पावलं मागे सरले.

अशा वेळी माणसाला यंत्रणा सुचते.

यंत्रणा हॉस्पिटलातच तयार होती. घरी सोडताना काउंटरवरच्या मुलीने एक पत्रक दिलं होतं. मोबाईलवर औषधाच्या वेळेला संदेश येणार. औषध घेतलं असेल तर एक दाबायचं, नसेल तर दोन. काहीच दाबलं नाही तर यंत्र स्वतः फोन करणार आणि तोही उचलला नाही तर दुसऱ्या, म्हणजे पर्यायी क्रमांकावर फोन करणार. साहेब ते वाचून भारावले. आपल्या खात्याबाहेरही कुणीतरी इतका खोलवर विचार करतं हे त्यांना नवीन होतं. सासूबाईंचा मोबाईल झिजू नये म्हणून कपाटात गुंडाळून ठेवलेला असायचा, म्हणून साहेबांनी फोन करून स्वतःचा क्रमांक नोंदवला.

"आणि पर्यायी क्रमांक?" मुलीने विचारलं.

बायको तपासणीत असली की फोन बंद ठेवते. साहेबांनी बेधडक आपल्या खात्याच्या तक्रार केंद्राचा क्रमांक दिला. तो रात्रंदिवस चालू असतो, असं त्यांनी स्वतःच जाहिरातीत छापलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून यंत्रणा सुरू झाली. सकाळी संदेश आला की साहेब सासूबाईंच्या दाराबाहेर उभे राहून खाकरायचे.

"आई, थेंबांची वेळ झाली."

आतून "बरं" यायचं. साहेब एक दाबायचे. मोबाईलवर हिरवी खूण उमटायची आणि 'धन्यवाद, आपण उत्तम काळजी घेत आहात' असं यायचं. दुपारी कचेरीतून ते घरच्या लँडलाइनवर फोन करायचे. पलीकडून "बरं" यायचं. एक. हिरवी खूण. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत साहेबांना इतक्या वेळा कुणी धन्यवाद दिले नव्हते. त्यांनी विभागात सगळ्यांना मोबाईल दाखवला, शिपायालाही दाखवला. रजा शिल्लक असून साहेब ती कधी घेत नसत, याही वेळी घ्यावी लागली नाही याचा त्यांना अभिमान वाटला. बायकोने रात्री फोन केला तेव्हा साहेब म्हणाले, "शंभर टक्के." ती नुसतं "बघू" म्हणाली. तिच्या 'बघू'चा अर्थ लावायचं साहेबांनी केव्हाच सोडलं होतं.

एका संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. या काकूंना इमारतीत कुणाच्या घरात काय शिजतं ते दार न उघडता कळायचं.

"साहेब, तुमच्या सासूबाई गालाला औषध लावतात का हो?"

"गालाला? डोळ्याला लावतात, काकू."

"मी दुपारी बसले होते ना त्यांच्याजवळ. बाटली अशी वर धरतात, थेंब येतोसा दिसला की डोळा गच्च मिटतात. सगळं गालावर. उशीचा अभ्रा बघा, नुसता ओला. आणि डोळा लाल दिसतोय हं मला."

साहेब उरलेला जिना दोन दोन पायऱ्या ओलांडत चढले. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. काळा चष्मा काढायला सांगितल्यावर त्यांनी निमूटपणे काढला. डोळा लाल होता आणि पापणी सुजली होती.

"आई, थेंब आत जात नाहीत?"

"थोडे जातात," सासूबाई अपराधी आवाजात म्हणाल्या. "डोळा आपोआप मिटतो हो. मी काय करू?"

"मग सांगायचं नाही का मला?"

"तुम्हाला कसं सांगायचं? जावयाला कामाला लावायचं? तुम्ही वेळ झाली म्हणून आठवण देता, तेच फार झालं."

साहेबांनी हॉस्पिटलला फोन लावला. मुलीने संगणकात बघितलं आणि तिचा आवाज प्रसन्न झाला.

"तुमचं तर शंभर टक्के आहे, सर. एकही थेंब चुकलेला नाही."

"अहो, ते मी दाबलेलं एक आहे. थेंब आत गेलेले नाहीत."

"पण नोंद आहे ना, सर."

"नोंद चुकीची आहे. ती बदला."

"झालेली नोंद बदलता येत नाही, सर. तुमची सूचना मात्र मी नोंदवून घेते. दुखायला लागलं किंवा कमी दिसायला लागलं तर लगेच घेऊन या, नाहीतर तपासणीच्या दिवशी या. तोपर्यंत थेंब मात्र नीट जाऊ द्या."

झालेली नोंद बदलता येत नाही, हे वाक्य साहेबांनी आयुष्यभर शेकडो लोकांना ऐकवलं होतं. ऐकणाऱ्याच्या बाजूने ते कसं लागतं हे त्यांना आज प्रथमच कळलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? हात धुऊन बाटली उचलली असती. साहेबांनी समिती नेमली. काकू, समोरच्या दारातले विमावाले आणि स्वतः साहेब, असा मोबाईलवर एक गट स्थापन झाला. हॉस्पिटलचा संदेश आला की साहेबांनी तो गटावर टाकायचा, जो घरात असेल त्याने जाऊन थेंब घालायचे आणि गटावर कळवायचं. मगच साहेब एक दाबणार. कागदावर यात कुठे खोट नव्हती.

पहिल्याच दुपारी संदेश गटावर पडला. काकूंनी अंगठा पाठवला. विमावाल्यांनीही अंगठा पाठवला. काकूंना वाटलं, विमावाले निघाले. विमावाल्यांना वाटलं, काकू खाली पोहोचल्याच. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी सासूबाईंची गत झाली. त्या बिचाऱ्या मान वर करून खुर्चीत बसून राहिल्या आणि बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. संध्याकाळी उलटं झालं. दोघेही एकदम आले.

"मला खरं म्हणजे डोळ्याचं बघवत नाही," काकू दारातूनच म्हणाल्या. "एकदा आमच्या ह्यांच्या डोळ्यात कचरा गेला होता तर मीच चक्कर येऊन पडले. मी इथून सांगते, तुम्ही घाला."

"सांगायचं काय त्यात? मी विम्यात आहे, काकू. असे कितीतरी डोळे बघितलेत," विमावाले म्हणाले आणि त्यांनी पांढरं टोपण उघडलं.

"लाल आधी!"

"पांढरं आधी. माझ्या मेव्हण्याला पांढरंच आधी दिलं होतं."

"तुमच्या मेव्हण्याचा आता चष्मा केवढा जाड आहे ते सगळ्या इमारतीला माहीत आहे."

विमावाल्यांचं तोंड लाल झालं. ते बाटली ठेवून निघून गेले. काकूही वर गेल्या. सासूबाई दोघांनाही "बरं" म्हणाल्या आणि बाटली वर धरून गालाला औषध लावून मोकळ्या झाल्या. गटावर मग थेंबांविषयी कुणी बोललं नाही, मेव्हण्याविषयी मात्र रात्रीपर्यंत बोलणं चाललं.

साहेब एक गोष्ट मात्र निग्रहाने करत होते. खोटं एक दाबत नव्हते. कुणी कळवलं नाही तर ते काहीच दाबायचे नाहीत, आणि बैठकीत असले की फोनही उचलायचे नाहीत. पत्रकात पुढे काय लिहिलं होतं ते ते विसरून गेले होते. यंत्र विसरलं नव्हतं. त्याने पर्यायी क्रमांक फिरवला.

तक्रार केंद्रात फोन उचलायलाही यंत्रच होतं. ते साहेबांनीच बसवून घेतलं होतं. त्यामुळे खात्याच्या इतिहासात प्रथमच दोन यंत्रांची गाठ पडली. हॉस्पिटलचं यंत्र म्हणालं, औषध घेतले असल्यास एक दाबा. खात्याचं यंत्र म्हणालं, नवीन तक्रारीसाठी एक दाबा. हॉस्पिटलचं यंत्र म्हणालं, आपले उत्तर समजले नाही. खात्याचं यंत्र म्हणालं, आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. दोघंही अत्यंत सभ्य असल्यामुळे कुणीच फोन ठेवेना. शेवटी खात्याच्या यंत्राने फोन केंद्रातल्या मुलीकडे दिला. तिने ऐकलं, तर एक बाई गोड आवाजात साहेबांचा मोबाईल क्रमांक एकेक आकडा करून सांगत होती आणि 'या रुग्णाकडून प्रतिसाद मिळालेला नाही, कृपया तातडीने लक्ष द्यावे' असं म्हणत होती.

कुठल्याही तक्रारीला, ती कळो अथवा न कळो, नकार द्यायचा नाही, नंबर द्यायचा आणि जागेवर माणूस पाठवायचा, असं परिपत्रक साहेबांनी मागच्याच वर्षी काढलं होतं. मुलगी शिस्तीची होती. तिने नंबर दिला आणि त्या मोबाईल क्रमांकापुढे नोंदलेल्या, म्हणजे साहेबांच्याच, घरच्या पत्त्यावर पाहणी लावली. दर वेळी फोन आला की दर वेळी नवा नंबर.

परिणाम साहेबांना मोठ्या साहेबांच्या आढावा बैठकीत कळला. भिंतीवर पडदा होता आणि पडद्यावर विभागवार प्रलंबित तक्रारी होत्या. मोठे साहेब डोळे बारीक करून वाचत होते.

"या एकाच पत्त्यावर इतक्या तक्रारी? तातडीने लक्ष द्यावे, तातडीने लक्ष द्यावे... कोण राहतं इथे? फारच गांजलेला दिसतोय बिचारा."

तक्रार केंद्रातल्या मुलीने मान खाली घातली. मोठ्या साहेबांनी पत्ता पुन्हा वाचला, मग साहेबांकडे बघितलं, मग पुन्हा पत्ता वाचला.

"हे तर तुमचं घर."

"होय सर."

"तक्रार विभागाच्या प्रमुखाचीच तक्रार सुटत नाही?"

"सर, ती पाण्याची नाही. सासूबाईंच्या डोळ्याची आहे."

बैठकीत आधी कुणीतरी खोकल्यासारखं केलं आणि मग सगळे मनमोकळे हसले. साहेबांचे कान तापले. त्यांनी सगळा प्रकार उभ्या उभ्या, अधिकृत भाषेत निवेदन केला, त्यामुळे लोक जास्तच हसले. मोठे साहेब हसून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "एक सांगा, तुम्ही स्वतः का नाही घालत थेंब?"

या प्रश्नाला त्यांच्याकडे नंबर नव्हता.

"रजा घ्या," मोठे साहेब म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. ही तक्रार निकालात काढल्याशिवाय येऊ नका."

साहेब घरी आले तर दार उघडंच होतं. खात्याचा फिटर पाना मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसला होता आणि सासूबाई त्याच्यासमोर संकोचून उभ्या होत्या.

"साहेब, पाहणीला आलोय," फिटर उठत म्हणाला. "नळ बघितले, टाकी बघितली. सगळं ठणठणीत. आता तक्रारदाराची सही घेतो आणि जातो. तक्रारदार कोण?"

"एक यंत्र आहे."

"मग सही कोण करणार?"

"तू बस," साहेब म्हणाले. त्यांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या, साबण लावून हात धुतले, एकदा झाल्यावर पुन्हा धुतले. धुवायला आणखी काही उरलं नाही तेव्हा ते बाहेर आले. "आई, बसा. मी थेंब घालतो."

"तुम्ही?" सासूबाईंनी पदर सावरला. "नको, जावईबापू. या भाऊंना सांगूया का?"

"माझे हात ग्रीसचे आहेत, आजी," फिटर घाईघाईने म्हणाला.

सासूबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मान मागे केली. साहेब वाकले. इतक्या वर्षांत ते सासूबाईंच्या इतक्या जवळ कधीच आले नव्हते. हात असा थरथरत होता की लाल टोपणाच्या एका बाटलीच्या दोन बाटल्या दिसत होत्या. पहिला थेंब सासूबाईंच्या नाकावर पडला, दुसरा कपाळावर. तिसरा कुठे पडला ते कुणालाच कळलं नाही.

"जावईबापू," सासूबाई खालून म्हणाल्या, "डोळा मी उघडा ठेवायचाय ना? मग तुम्ही का मिटून घेताय?"

साहेबांनी डोळे उघडले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"भीती वाटते, आई."

"अगंबाई. मलाही वाटते."

"थेंबांची?"

"नाही हो. तुमची."

साहेब तसेच वाकलेले राहिले. सासूबाई ऑपरेशन केलेल्या डोळ्याने त्यांच्या कपाळाकडे टक लावून बघत होत्या. सूज होती, लाली होती, पण वीतभर अंतरावरून त्यांना दिसत होतं. चांगलं दिसत होतं.

"त्या आठ्या कायमच्याच आहेत होय तुमच्या?" त्या म्हणाल्या. "मी आले की पडतात असं वाटायचं मला. म्हणून मी आपली उठून उभी राहायची."

"आणि तुम्ही उठलात की मला वाटायचं, तुम्हाला मी खोलीत नकोय."

फिटरला हसू आवरेना. आधी तो हसला, मग सासूबाई हसल्या आणि त्यांचं बघून साहेबही हसले, मोठ्याने, खात्यात कधीच हसले नव्हते असे. सासूबाईंचं अंग हसून हलायला लागलं तेव्हा त्यांनी स्वतःला सावरलं आणि त्यांच्या आवाजात शिवणाच्या बाई आल्या.

"हं, पुरे. आता हात असा अधांतरी धरायचा नाही. मनगटाची कड माझ्या कपाळावर टेका. टेकलीत? हात टेकला की थरथरत नाही. दुसऱ्या हाताने पापणी खाली. बाटली डोळ्याला लावायची नाही. श्वास धरा. सोडा थेंब."

थेंब डोळ्यात गेला. साहेबांना नदीवर धरण बांधून झाल्यासारखं वाटलं.

"तक्रारीचं कारण काय लिहू, साहेब?" फिटरने विचारलं.

"तूच ठरव."

"गळती होती, ती थांबवली, असं लिहितो." त्याने सासूबाईंचीच सही घेतली आणि पाना खांद्यावर टाकून तो गेला.

त्यानंतर साहेब रोज घरीच होते. दोन बाटल्यांच्या मधली पाच मिनिटं सासूबाईंनी डोळा मिटून बसायचं आणि साहेबांनी घड्याळ घेऊन समोर बसायचं, असा क्रम पडला. पाच मिनिटं गप्प बसणं दोघांनाही जड जाऊ लागलं, म्हणून बोलणं सुरू झालं. साहेबांना कळलं की सासूबाईंनी पहिलं मशीन सासऱ्यांना न सांगता हप्त्याने आणलं होतं. सासूबाईंना कळलं की जावईबापूंना कचेरीत कुणी जेवायला सोबत बोलवत नाही. "तक्रार विभागाशेजारी कोण बसणार?" असं साहेब म्हणाले तेव्हा सासूबाईंना फार वाईट वाटलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. पाच मिनिटं संपून गेली तरी कधी कधी दुसरी बाटली उघडायची राहायची, मग दोघेही एकमेकांना रागवायचे. मोबाईल आतल्या खोलीत वाजून वाजून बंद पडायचा. साहेबांचे दोन्ही हात गुंतलेले असायचे. तक्रार केंद्रातली मुलगीही आता हॉस्पिटलच्या यंत्राला "हो हो, साहेब घरीच आहेत" असं सांगून फोन ठेवायची.

डोळ्याच्या तपासणीच्या आदल्या दिवशी बायको परत आली. ती दारातून आत शिरली तेव्हा तिची आई आणि तिचा नवरा बाहेरच्या खोलीत, एकाच वेळी, बसलेले होते. तिने बॅग खाली ठेवली आणि विचारलं, "काय झालं? काही वाईट बातमी आहे का?"

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टर आधी संगणकाकडे वळले. साहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. डोळा लाल नव्हता, सूजही दिसत नव्हती, पण आतलं कुणाला दिसतंय? सुरुवातीचे ते दिवस वाया गेले होते आणि ते कुणामुळे गेले हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

"सुरुवातीला शंभर टक्के," डॉक्टर म्हणाले. "वा! आणि मग एकदम काहीच नाही. एकाही संदेशाला उत्तर नाही. इतकं चांगलं चाललं होतं, मग असं कसं केलंत?"

बायकोने साहेबांकडे बघितलं. तसं बघणं साहेब ओळखून होते.

डॉक्टरांनी सासूबाईंची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि दिवा लावून ते बराच वेळ आत बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा संगणकात बघितलं, पुन्हा डोळ्यात बघितलं.

"कमाल आहे. मध्यंतरी सूज येऊन गेलेली दिसते. आता ती उतरली आहे, डोळा उत्तम आहे. पण तुमचं औषध चालू होतं तेव्हा सूज आली आणि बंद केलंत तेव्हा उतरली? असं मी कधी बघितलं नाही."

"बंद कुठे केलं?" सासूबाई यंत्रावरची हनुवटी न हलवता म्हणाल्या. "खरं औषध तेव्हाच तर सुरू झालं. डॉक्टर, ह्यांचे दोन्ही हात माझ्या डोळ्याशी असायचे. तुमचं ते एक दाबणार कोण?"

डॉक्टरांना नीटसं कळलं नाही. बायकोला हळूहळू कळलं आणि तिने नवऱ्याकडे बघितलं. हे बघणं मात्र साहेबांच्या ओळखीचं नव्हतं.

भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं सासूबाईंनी वरपासून खालपर्यंत वाचली. शेवटची ओळ तर इतकी भराभर वाचली की डॉक्टरांनीच मान डोलावली. "जा आजी, खुशाल क्लास उघडा. दुसऱ्या डोळ्याचंही लवकर करून घ्या. तुमच्या गावीही होतं हे ऑपरेशन, इतक्या लांब यायची काही गरज नाही."

"नाही नाही. दुसराही इथेच करायचा," सासूबाई म्हणाल्या. "मुलीला सुट्टी नसली तरी चालेल. जावईबापू असले म्हणजे झालं."

साहेबांना आयुष्यात पुष्कळ अर्ज आले होते, पण कुणी आपल्यालाच मागून घेतलंय असं कधी झालं नव्हतं. त्यांना मनापासून आनंद झाला आणि तो लपवता येईना.

बाहेर काउंटरवरच्या मुलीने दुसऱ्या डोळ्याची नोंद घेतली आणि सवयीने विचारलं, "मोबाईलची सेवा हवी ना, सर? तुमचं शंभर टक्के होतं. क्रमांक तोच ठेवू?"

"क्रमांक नको," साहेब म्हणाले. "तारीख तेवढी आधी सांगा. मला रजा टाकायची आहे."